फौजेतलं रोजचं जगणं आणि शेजारचा जवान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका पलटणीत 24 वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून घरी आलो. आता शाळेत, लग्नात, एसटीत, कुठेही कोणी भेटलं की प्रश्न विचारतं. बहुतेकांना लढाईबद्दल ऐकायचं असतं. पण लढाई नोकरीत थोडे दिवस असते. बाकीची सगळी वर्षं साधं रोजचं जगणं असतं, आणि लढाईच्या दिवशी उपयोगी पडतं ते या जगण्यातच तयार झालेलं असतं. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरं इथे एकदा नीट लिहून ठेवतो. पलटणीचा नंबर, पोस्टचं नाव, साल असलं काही लिहिलेलं नाही. ते तसंच राहू द्या.

जवानाचा दिवस कसा जातो?

छावणीत, म्हणजे आम्ही ज्याला पीस स्टेशन म्हणतो तिथे, दिवस उजाडायच्या आत सुरू होतो. उठायचं, दाढी करायची, अंथरूण चौकोनी घडी घालून ठेवायचं आणि फॉल-इन. गिनती होते. मग पीटी, त्यानंतर लंगरमध्ये चहा-नाश्ता, मग परेड, हत्यारांचं ट्रेनिंग, गाड्यांची आणि स्टोअरची देखभाल. दुपारी थोडी पाठ टेकायला मिळते. संध्याकाळी खेळ असतात, व्हॉलीबॉलला तर भांडणाइतका जोर असतो. रात्री रोल कॉल. उद्याचे हुकूम वाचून दाखवतात, गारद म्हणजे पहारा कोणाचा, संत्री म्हणजे पहारेकरी कोण, हे कळतं, आणि दिवस संपतो.

लोक म्हणतात, बूट चमकवणं, बेल्टचं बक्कल घासणं, यात वेळ फुकट जातो. रंगरूट असताना मलाही तसंच वाटायचं. बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरला आमचे उस्ताद रायफल तपासताना नळीत डोळा लावून बघायचे आणि एक शब्द न बोलता रायफल परत द्यायचे. म्हणजे पुन्हा साफ कर. पुलथ्रूला, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीला, चिंधी लावून ओढायची, बघायची, परत ओढायची. चिंधी कोरी निघेपर्यंत. एकदा मी म्हणालो, "उस्ताद, साफ आहे." ते म्हणाले, "तुझ्यासाठी साफ आहे. तुझ्या शेजारी जो पडलेला असेल त्याच्यासाठी साफ आहे का?" ही रायफल माझ्या जिवासाठी कमी आणि शेजारच्याच्या जिवासाठी जास्त आहे, हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

सीमेवर दिवस वेगळा असतो का?

पूर्ण वेगळा. तिथे घड्याळापेक्षा उजेड महत्त्वाचा. पहाटे उजाडताना आणि संध्याकाळी अंधारताना ‘स्टँड टू’ होतो, म्हणजे प्रत्येक जण आपापल्या मोर्चात, लढायच्या ठरलेल्या जागी, हत्यार घेऊन तयार. हल्ला बहुधा याच संधिप्रकाशात होतो, हे जुनं शहाणपण आहे. दिवसा बंकरची डागडुजी, पाणी आणणं, रसद वाहणं, गस्त. रात्री पाळीपाळीने संत्री.

संत्रीची रात्री दोन ते चारची पाळी सगळ्यांत जड. झोप अर्धी तुटलेली, कानाला वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही, आणि समोरचं झुडूप हललं की पोटात गोळा येतो. पण एक सांगतो. त्या दोन तासांत मागे बंकरमध्ये झोपलेल्यांच्या घोरण्याचा आवाज येत असतो. दहा माणसं आपल्या भरवशावर झोपलीत, हे कळलं की डोळे आपोआप उघडे राहतात. पाळी संपली की पुढच्याला उठवायचं, आणि मग त्याच्या भरवशावर आपण झोपायचं. इतकी गाढ झोप मला नंतर घरच्या पलंगावरही लागलेली नाही.

पलटण, कंपनी, सेक्शन, हे सगळं म्हणजे नेमकं काय?

सेक्शन म्हणजे साधारण 10 जवान. 3 सेक्शनची प्लाटून, 3 प्लाटूनची कंपनी, आणि 4 रायफल कंपन्यांसह बाकीची मदतीची माणसं मिळून बटालियन. बटालियनलाच आम्ही पलटण म्हणतो. जवानाचं खरं घर म्हणजे सेक्शन.

‘बडी’ म्हणजे कोण?

फौजेत प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिलेला असतो, तो बडी. गस्तीला सोबत, पोस्टवर सोबत, फायरिंगला सोबत. एकाने पाणी भरलं नाही तर विचारायचं दुसऱ्याने. एक आजारी पडला तर कळवायचं दुसऱ्याने. मित्र आपण निवडतो, बडी नेमून मिळतो, आणि तरी तो मित्रापेक्षा जवळचा होतो.

माझा बडी कोल्हापूरकडचा. पहिले सहा महिने आमचं पटत नव्हतं. तो बडबड्या, मी घुमा. मग आमची कंपनी सियाचीनला चढली. एका गस्तीत माझा पाय बर्फाच्या पातळ थरातून खाली गेला, बुटात ओल शिरली. मी कोणाला बोललो नाही, उशीर होईल म्हणून. पोस्टवर पोचल्यावर त्याने माझ्या चालीवरूनच ओळखलं. म्हणाला, "पाय दाखव." मी म्हटलं, काही नाही. तो खाली बसला आणि स्वतःच्या हाताने लेस सोडायला लागला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. सुई टोचली तरी कळली नसती.

अशा वेळी चोळायचं नाही, चोळलं तर कातडी आणि मांस दोन्ही जातं, हे आम्हाला शिकवलेलं होतं. त्याने जाकीट उघडलं, आतल्या बनियनखाली, पोटाच्या उघड्या कातडीवर माझी दोन्ही पावलं धरली आणि वरून जाकीट लपेटून घेतलं. बर्फाचे दोन तुकडे पोटाला लावून घेण्यासारखंच ते. त्याचे दात वाजत होते. त्या अवस्थेतही त्याची बडबड चालू होती, गावच्या कुस्तीच्या फडाची कसली तरी गोष्ट. बोटांत कळ यायला लागली तेव्हा मी ओरडलो, आणि तो हसला. कळ येणं म्हणजे बोटं जिवंत. आज माझी दहाच्या दहा बोटं जागेवर आहेत. लोक देशभक्ती कशाला म्हणतात ते मला विचारतात, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा ते पोट येतं.

सियाचीनला माणूस राहतो तरी कसा?

आधी शरीराला उंचीची सवय लावावी लागते. 9,000 ते 12,000 फुटांवर 6 दिवस, तिथून 15,000 फुटांपर्यंत 4 दिवस, आणि त्याच्या वर आणखी 4 दिवस. यात घाई चालत नाही. घाई केली की फुप्फुसात नाहीतर मेंदूत पाणी साठतं आणि धडधाकट गडी काही तासांत जातो. वर ऑक्सिजन विरळ, त्यामुळे भूक मरते, झोप येत नाही, आठवण दगा देते. उघड्या हाताने रायफलच्या लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटते. पाणी म्हणजे बर्फ वितळवून केलेलं. रॉकेलच्या शेगडीशिवाय जगता येत नाही, आणि त्याच शेगडीच्या काजळीने थुंकी काळी येते. चालताना सगळे एका दोराला बांधलेले असतात. बर्फाच्या भेगेत एक पडला तर बाकीच्यांनी त्याला धरायचं.

13 एप्रिल 1984 रोजी ऑपरेशन मेघदूत सुरू झालं, तेव्हापासून आपली माणसं तिथे आहेत. शत्रूच्या गोळीपेक्षा हवामानाने आणि हिमकड्यांनी जास्त जवान नेले. फेब्रुवारी 2016 मध्ये सोनम पोस्टवर हिमस्खलन झालं. मद्रास रेजिमेंटचे 10 जवान गाडले गेले. शोधणाऱ्या तुकड्या बर्फ कापत राहिल्या, आणि सहाव्या दिवशी लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले. पुढे दिल्लीच्या इस्पितळात ते गेले. हणमंतप्पांच्या जिद्दीबद्दल सगळे बोलले, आणि ते योग्यच झालं. मला मात्र कापणाऱ्यांचाही तितकाच अभिमान वाटतो. त्या उंचीवर दहा पावलं चाललं तरी दम लागतो, आणि ही माणसं आशा जवळजवळ संपलेली असताना दिवसरात्र बर्फ फोडत होती, कारण खाली आपली माणसं होती.

मराठा पलटणीचा एवढा अभिमान का? इतिहास काय आहे?

रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण 1768 सालची, तिला ‘जंगी पलटण’ म्हणतात. दुसरी ‘काळी पाचवी’. दरवर्षी 4 फेब्रुवारीला आम्ही मराठा दिन पाळतो, 1670 साली तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला त्याची आठवण म्हणून. आमची युद्धगर्जना ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’. ती अंगावर काटा आणणारी आहे हे खरं, पण ती कधी दिली गेली हे माहीत असेल तर तिचा अर्थ अजून खोल जातो.

दुसरं महायुद्ध, एप्रिल 1945, इटली, सेनिओ नदी. शिपाई नामदेव जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्या. नदी ओलांडताना मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या बरोबरची जवळजवळ सगळी माणसं पडली. दोघे जखमी होते. जाधवांनी एकेकाला उचलून खोल पाण्यातून, उभ्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे सुखरूप पोचवलं. मग परत गेले. हाताला गोळी लागली, टॉमीगन, म्हणजे हातातली छोटी मशीनगन, चालवता येईना, तर हातबॉम्ब फेकत राहिले आणि मशीनगनचे तीन मोर्चे गप्प केले. शेवटी बांधावर चढून त्यांनी गर्जना दिली आणि हात करून मागच्या कंपन्यांना पलीकडे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला, आणि ते जिवंत घरी आले. क्रम बघा. आधी साथीदार, मग शत्रू, मग गर्जना.

त्याच्या आदल्या वर्षी, जुलै 1944 मध्ये, इटलीतच रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे. सेक्शनमधली सगळी माणसं मेली किंवा जखमी झाली, तेव्हा ते एकटे मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब, मग गोळ्या, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून शेवटी बंदुकीच्या दस्त्याने. मोर्चा घेतला आणि तिथेच गेले. वय 22. माणगावला त्यांचा पुतळा आहे. तिकडून जाणार असाल तर पाच मिनिटं थांबा.

दुसऱ्या पलटणींना तुम्ही कमी लेखता का?

खेळाच्या मैदानावर आमच्यासारखं कोणी नाही. कामाच्या वेळी असला विचार मनात येत नाही. पायदळाच्या जवानाला विचारा, त्याला रसद आणणारा ड्रायव्हर, तार जोडणारा सिग्नलवाला, नर्सिंग असिस्टंट, आणि सुरुंग काढणारा सॅपर हे कोण आहेत ते. बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे जखमी अवस्थेत काढत रणगाड्यांना वाट करून दिली. गोळ्या अंगावर येत असताना ते सुरुंगाला हात घालत होते. त्यांना परमवीर चक्र मिळालं. रणगाडे पुढे गेले हे सगळ्यांना दिसतं, वाट कोणी केली ते सांगावं लागतं, म्हणून मी सांगतो.

माझ्या एका पोस्टवर खेचरं घेऊन रसद आणणारा एक गडी यायचा. बर्फ असो, पाऊस असो, येणार म्हणजे येणार. येताना टपालाची पिशवी स्वतःच्या छातीशी, बरसातीच्या आत बांधून आणायचा. राशन भिजलं तर चालेल, चिठ्ठ्या भिजता कामा नयेत, असं म्हणायचा. त्याने कधी गोळी चालवलेली मी पाहिली नाही. त्याच्या तोडीचा जवान मात्र मी फार थोडा पाहिला.

‘नाम, नमक, निशान’ म्हणजे काय?

नाम म्हणजे पलटणीचं नाव, ते आपल्यामुळे खाली जाऊ नये. नमक म्हणजे खाल्लेलं मीठ. निशान म्हणजे पलटणीचा झेंडा, त्याच्यासमोर आम्ही कसम परेडला शपथ घेतो. त्याच दिवशी रंगरुटाच्या आईवडिलांना गौरव पदक देतात. माझ्या वडिलांनी ते पदक आयुष्यभर फडक्यात गुंडाळून ठेवलं आणि सणाला बाहेर काढलं.

जेवण कसं असतं?

छावणीत पोटभर आणि चांगलं. बडाखाना, म्हणजे सगळ्यांचं एकत्र मोठं जेवण, असला की ऑफिसर साहेब स्वतः वाढायला उभे राहतात. उंचावर डबाबंद खाणं. तिथे जिभेला चव राहत नाही, त्यामुळे एखाद्याला घरून चटणी आली की ती पूर्ण सेक्शनची होते.

सुट्टी किती मिळते?

नियमित जवानाला वर्षाला 60 दिवस वार्षिक रजा आणि 30 दिवस नैमित्तिक. अग्निवीराला, म्हणजे 4 वर्षांसाठी भरती झालेल्या जवानाला, वर्षाला 30 दिवस. कागदावर मिळते ती सगळी वेळेवर मिळतेच असं नाही. हवामान बंद झालं, हालचाल लागली, की बांधलेली ट्रंक पुन्हा उघडावी लागते. बहिणीच्या लग्नाला मी पोचलो तो चौथ्या दिवशी.

यात एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. कुणाच्या घरी अडचण आली की दुसरा आपली मंजूर रजा सोडतो. साहेबांपुढे उभं राहून सांगतो, "साहेब, याला आधी पाठवा, माझं नंतर बघू." मोठ्या शूर कामांचे कागद होतात, पदकं मिळतात. या गोष्टीचा कागद कुठेही होत नाही.

नवरा फोनवर ‘सगळं बरं आहे’ एवढंच म्हणतो. खरं काय समजायचं?

ताई, तो बरं आहे म्हणाला म्हणजे त्या क्षणाला बरं आहे. तो कुठे आहे, किती जण आहेत, कधी हलणार, हे त्याला सांगता येत नाही, आणि तुम्हीही विचारू नका, कोणाला सांगूही नका, मोबाईलवर तर मुळीच टाकू नका. पण तुमच्या बाजूचं त्याला सगळं सांगा. म्हैस व्याली, मुलाला गणितात कमी पडले, शेजाऱ्याशी बांधावरून बोलाचाली झाली. आम्हाला तेच ऐकायचं असतं. फोन ठेवल्यावर तो ते सेक्शनला सांगतो. माझ्या मुलाला पहिला दात आला ते दहा जणांना माहीत होतं, आणि मी मुलाला पाहिलेलंही नव्हतं.

भीती वाटते का?

वाटते. ज्याला वाटत नाही त्याच्या बरोबर गस्तीला जायला मला आवडत नसे. एकट्याला भीती जास्त वाटते, दोघांत ती वाटली जाते.

साथीदार गेला तर काय होतं?

हा प्रश्न मुलं विचारतात, मोठी माणसं टाळतात.

काम थांबत नाही. त्याची संत्रीची पाळी दुसरा करतो. मग त्याचं सामान आवरायचं असतं. रीतसर यादी करून, साक्षीदारांसमोर, प्रत्येक वस्तू मोजून ते घरी पाठवतात. आमच्या एका नाईकाची ट्रंक उघडली तेव्हा मी लिहायला बसलो होतो. बनियन 4. मोजे 6 जोड. चेरी पॉलिश, अर्धी डबी. शिवणाचं सामान. वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलने एक यादी होती, सुट्टीत करायच्या कामांची: मोटरला पन्नास फूट पाइप, आईचा चष्मा, गोठ्याचा पत्रा. चष्म्यासमोर बरोबरची खूण होती, बाकी दोन्ही राहिली होती. मी ती वहीही यादीत लिहिली, ‘वही 1’.

पार्थिवाबरोबर गावी गेलेल्यांत त्याचा बडी होता. सलामी झाली, गर्दी पांगली. तो दोन दिवस राहिला. पाइप आणला, पत्रा बसवला आणि मग पलटणीत परत आला. आम्ही त्याला काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. त्या घरच्यांकडून पुढे आम्हाला कळलं.

अग्निवीर आणि जुना जवान यांत भेदभाव होतो का?

अग्निपथ योजना जून 2022 मध्ये आली. 4 वर्षांची सेवा, त्यानंतर एका तुकडीतले 25 टक्क्यांपर्यंत कायम होतात. या योजनेबद्दल घराघरात काळजी आहे आणि ती मी समजू शकतो. 4 वर्षांनी पोरांचं काय, हा प्रश्न खरा आहे. पण दोराला बांधून चालताना पुढचा किती वर्षांसाठी आलाय हे कोणी विचारत नाही. तो दोर धरतो का, एवढंच बघतात.

भरतीची तयारी कशी करू?

रोज धाव, 1.6 किलोमीटर वेळ लावून. आधी ऑनलाइन लेखी परीक्षा असते, तिला हलकं घेऊ नकोस. दात, कान आणि पाय आधीच डॉक्टरला दाखव. पैसे घेऊन भरती करून देतो म्हणणारा भामटा आहे, मग तो कोणाचाही पाहुणा असो. आणि मित्राबरोबर धाव. तो मागे पडला तर वेग थोडा कमी कर, मग दोघे मिळून वाढवा. पुढे कामाला येणारी सवय हीच आहे.

आमच्या गावात जवानांसाठी काही करायचं असेल तर?

सत्काराचा नारळ-शाल चांगलंच आहे. त्याहून जास्त गरज कागदांची असते. वीरपत्नीला, म्हाताऱ्या आईवडिलांना पेन्शनच्या फॉर्ममध्ये एक अक्षर चुकलं तरी वर्ष जातं. शिकलेल्या मुलाने त्यांच्याबरोबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक खेप मारावी. 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वज दिन असतो, त्या निधीला जमेल ते द्यावं. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात 46 माणसं गमावली, म्हणून गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलं गेलं. आजही तिथली मुलं फौजेत जातात. अशा गावात कोणाचा पत्रा गळतोय हे पाहुण्याने सांगावं लागत नाही. आपल्या गावात तसं झालं तर आम्हाला बाकी काही नको.

तुमचा तो बडी आता कुठे आहे?

सुखरूप आहे. ऊस लावतो, दोन म्हशी आहेत. त्याची नोकरी माझ्याआधी दोन वर्षं संपली. दर रविवारी फोन येतो. बाकीचे लोक फोनवर ‘कसा आहेस’ म्हणतात. तो अजून ‘पाय कसे आहेत’ म्हणूनच सुरुवात करतो, आणि मी ठीक आहेत म्हटल्यावर विचारतो, "बघून सांगतोयस ना?" मग मी खरंच एकदा खाली बघतो.